आर उघडताच न मागवलेली पॅकेजं लोड झालेली दिसतात, ती येतात कुठून?

तुम्ही विचारलंय की पॅकेज जोडणारं लायब्ररी() एकदाही न लिहिता आर ही आकडेवारीची प्रोग्रॅमिंग भाषा सुरू होतानाच डीप्लायर आणि मास ही पॅकेजं (तयार फंक्शनांचे संच) कशी काय हजर असतात. आर बिघडलेलं नाही, त्यामुळे पुन्हा इन्स्टॉल करायच्या भानगडीत पडू नका.

आधी टर्मिनलवरून 'आर --व्हॅनिला' असं उघडा आणि जोडलेल्या पॅकेजांची यादी दाखवणारं सर्च() चालवा. अशा वेळी आर कुठलीही प्रोफाइल फाइल (सुरू होताना आपोआप चालणाऱ्या आज्ञांची फाइल) वाचत नाही, जुनं वर्कस्पेस म्हणजे मागच्या वेळी जतन केलेला डेटाही उचलत नाही. बेस, स्टॅट्स, ग्राफिक्स, जीआरडिव्हाइसेस, यूटिल्स, डेटासेट्स, मेथड्स ही 7 दिसणारच, ती घरचीच आहेत. डीप्लायर आणि मास इथे नसतील, तर बहुतेक वेळा दोष डॉट-आरप्रोफाइल या फाइलचा असतो. नावाआधी टिंब असल्याने लिनक्स आणि मॅकवर ती लपलेली असते. आर ती आधी चालू फोल्डरमध्ये शोधतं, तिथे नसेल तरच होम फोल्डरमध्ये. म्हणून एका प्रोजेक्टमध्ये पॅकेजं दिसतात आणि दुसऱ्यात नाहीत, असंही होतं. दोन्हीकडे काही सापडलं नाही, तर आरच्या स्वतःच्या ईटीसी फोल्डरमधली आरप्रोफाइल-डॉट-साइट पाहा; सामायिक सर्व्हरवर ती अ‍ॅडमिनने भरलेली असू शकते.

एक फरक मात्र नीट समजून घ्या. चालू सत्राची माहिती देणाऱ्या सेशनइन्फो() मध्ये अगदी खाली 'लोडेड व्हाया अ नेमस्पेस' अशी यादी येते, म्हणजे आतून लोड झालेली पण न जोडलेली पॅकेजं. पॅकेज फक्त तिथेच असेल आणि सर्च() मध्ये नसेल, तर ते दुसऱ्या कुठल्या तरी पॅकेजच्या गरजेपोटी किंवा जतन केलेल्या वर्कस्पेसच्या डॉट-आरडेटा फाइलमुळे आलेलं असतं. त्याने तुमच्या फंक्शनांची नावं झाकली जात नाहीत. ते खुशाल राहू द्या.

सर्च() मध्ये न मागवता दिसणारं, घरच्या 7 पलीकडचं पॅकेज मात्र काढाच. माझ्या आरप्रोफाइलमध्ये लायब्ररी(डीप्लायर) ही ओळ कितीतरी दिवस होती. माझ्याकडे स्क्रिप्ट बिनबोभाट चालायची. सहकाऱ्याकडे तीच फिल्टर(डेटा, वय > 30) या ओळीवर 'ऑब्जेक्ट वय नॉट फाउंड' म्हणून थांबली. त्याच्याकडे डीप्लायर जोडलेलंच नव्हतं, त्यामुळे स्टॅट्समधलं फिल्टर चाललं. ते टाइम सिरीजसाठी आहे, कॉलमची नावं त्याला कळत नाहीत. एरर वाचून आम्ही दोघं डेटा फाइल तपासत बसलो. संबंध दिवस गेला.

तेव्हा ती ओळ आरप्रोफाइलमधून उचलून स्क्रिप्टच्या डोक्यावर ठेवा, आणि दुसऱ्याला पाठवण्याआधी एकदा आरस्क्रिप्ट --व्हॅनिला ने चालवून बघा.