नवीन शेडवाल्या भावाला: पाण्यात औषध ओतण्याआधी

मुरबाडला कोंबड्यांची शेड टाकतोयस, छान. पिल्लं उतरली की कोणीतरी 'वजन वाढतं' म्हणत पाण्यातून द्यायची अँटिबायोटिकची बाटली पुढे करेल. घेऊ नकोस. रोज थोडं थोडं दिलं की कच्चे जंतू मरतात, चिवट तेवढे उरतात. साल्मोनेला, ई-कोलाय असे कोंबडीच्या पोटातले जंतू कापताना मांसाला लागतात आणि तिथून घरोघरी जातात. कोलिस्टिन हे अँटिबायोटिक तर २०१९ पासून कोंबड्या-जनावरांसाठी बंदच आहे. माणसाला दुसरं काही लागू पडेना की डॉक्टर शेवटी तेच काढतात, ते आपण कोंबड्यांना कसं द्यायचं?

खरी मेहनत शेडमध्ये खाली पसरलेल्या तुसावर घे. आपल्या पावसात ते ओलं होतं आणि दुखणी तिथूनच सुरू होतात. मूठभर दाबून बघ. गोळा तसाच राहिला तर ओलं समज. रोज उलथव, चुना मार, पाणी प्यायची गळकी निपल बदल. आत शिरताच डोळे चुरचुरले तर वारा कमी पडतोय, पडदे उघड.

पक्षी मरायला लागलेच तर आधी पशुवैद्य. मेलेला पक्षी तपासून कोणतं औषध चालेल ते कळतं. दिलंस तर कोर्स पूर्ण कर, आणि औषध संपल्यावर लेबलवरचे थांबायचे दिवस उलटल्याशिवाय विक्रीची गाडी भरू नकोस, भाव कितीही चढलेला असो.