डिझेल दुधाळ झालं, पण तवंग हलला नाही

प्रश्न : शिवाजी उद्यमनगरातल्या एका गॅरेजमागची तेलकट माती बुशनेल-हास माध्यमात (कार्बन नसलेल्या क्षारांच्या द्रावणात) १ टक्का डिझेल घालून ३० अंशांवर वाढवली. सात दिवसांत फ्लास्क दुधाळ झाला. पण सेंट्रिफ्यूज करून (वेगाने फिरवून पेशी वेगळ्या करून) घेतलेल्या निवळीने ताटलीतला तेलाचा तवंग हलेना. आमचे जिवाणू जैव-सर्फॅक्टंट (तेल-पाणी मिसळायला मदत करणारा साबणासारखा पदार्थ) तयार करतच नाहीत का?
– एम.एस्सी. विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : करत असतील, पण निवळीत सोडत नसतील. स्यूडोमोनास एरुजिनोसा हा जिवाणू ऱ्हॅम्नोलिपिड हे सर्फॅक्टंट बाहेर सोडतो; त्याने पाण्याचा पृष्ठताण ७२ वरून ३० मिलिन्यूटन प्रति मीटरच्या आसपास उतरतो, तवंग झटकन फाकतो. ऱ्होडोकॉकस या जिवाणूचं सर्फॅक्टंट, ट्रेहॅलोज लिपिड, मात्र बहुतांशी पेशीलाच धरून राहतं आणि पेशी स्वतःच थेंबाला चिकटते. अशा पेशी सेंट्रिफ्यूजनंतर तळाशी बसतात किंवा वरच्या डिझेलच्या थरात अडकतात. तुम्ही नेमकं मधलं पाणी तपासलंत.

पेशी फॉस्फेट बफरने दोनदा धुवा. ६०० नॅनोमीटरला गढूळपणाचं वाचन ०.५ च्या आसपास येईल इतपत त्या बफरमध्ये मिसळा. यातल्या ४ मिलीत १ मिली हेक्साडेकेन (तेलासारखं द्रव हायड्रोकार्बन) घालून २ मिनिटं व्हॉर्टेक्सवर (नळी जोरात घुसळणाऱ्या यंत्रावर) फिरवा, १५ मिनिटं ठेवा आणि खालच्या पाण्याचं वाचन पुन्हा घ्या. ते बरंच घसरलं तर पेशी तेलाकडे गेल्या. अर्थात यावरून पेशी तेलाला धरतात एवढंच कळतं. पेशींतून लिपिड हाती यायला क्लोरोफॉर्म-मिथेनॉल (२:१) हे द्रावक लागेल.

तिसरीही शक्यता आहे. २ मिली रॉकेल आणि २ मिली निवळी २ मिनिटं फिरवून २४ तास ठेवा. फेसाळ थर टिकला पण तवंग हलला नाही, तर असिनेटोबॅक्टर जिवाणूच्या इमल्सानसारखा मोठ्या रेणूचा पदार्थ असेल. तो थेंब फुटलेले ठेवतो, पृष्ठताण फारसा उतरवत नाही.

दुधाळपणावर विसंबू नका, नुसत्या हलवण्यानेही डिझेल तसं दिसतं. जिवाणू न घातलेला फ्लास्क शेजारी हवाच. ताटलीत ५० मिली ऊर्ध्वपातित पाण्यावर २० मायक्रोलिटरच तेल टाका, त्यावर मधोमध १० मायक्रोलिटर निवळी. तेल जाड झालं की चांगली निवळीही हरते. उलट, ताटलीत धुण्याची पावडर राहिली असेल तर तेल आपोआपच पळतं.

आणि हातमोजे घाला. एरुजिनोसा जखमेतून आजार करतो, तेव्हा उरलेलं कल्चर गॅरेजच्या फरशीवर 'वापरून' पाहू नका, ऑटोक्लेव्ह करून (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करून) टाका.