फोनवरून अटक होत नसते

प्रश्न : माझ्या सासूबाई ७४ वर्षांच्या असून इंदूरला रामबागेत एकट्या राहतात. 'तुमच्या आधार क्रमांकावरचे पार्सल मुंबईत पकडले आहे' असा त्यांना फोन आला. मग पोलिसी गणवेशातल्या माणसाने व्हिडिओ कॉलवर त्यांना पाच तास बसवून ठेवले आणि मुदतठेव मोडून रक्कम 'पडताळणीसाठी' पाठवायला सांगितले. शेजारच्या काकू चैत्रातल्या हळदीकुंकवाचे बोलावणे घेऊन आल्या म्हणून पैसे वाचले. आता सासूबाई कोणाचाच फोन उचलत नाहीत. ह्यांचे म्हणणे, त्यांचा स्मार्टफोन काढूनच घ्यावा. काय करावे?
— एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : दार लावून घ्या, कॅमेरा बंद करू नका, मुलाला कळवलेत तर त्यालाही अडकवू, ही बंधने असे ठग सुरुवातीलाच घालतात, कारण घरातल्या कोणी एक साधा प्रश्न विचारला तरी त्यांचे सोंग उघडे पडते. शेजारच्या काकूंनी नकळत नेमके तेच केले. म्हणूनच फोन काढून घेण्याचा विचार आम्हाला पटत नाही. तो गेला की सासूबाई आणखी एकट्या पडतील आणि पुढच्या वेळी काही घडले, तर बोलणी बसतील या भीतीने ते सांगणारही नाहीत. त्यांच्याजवळ 'तुम्ही फसलात कशा?' हा प्रश्न कोणीही काढू नये.

त्याऐवजी कायदा काय म्हणतो ते त्यांना शांतपणे सांगा. 'डिजिटल अरेस्ट' नावाची, म्हणजे व्हिडिओ कॉलवरच अटकेत ठेवण्याची, तरतूद आपल्या कायद्यात नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार अपवादात्मक परिस्थिती वगळता स्त्रीला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करता येत नाही, आणि तशी वेळ आलीच तर महिला अधिकाऱ्याला आधी दंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते. साक्षीदार म्हणून चौकशी करायची असली, तरी स्त्रियांना किंवा साठी उलटलेल्या पुरुषांना राहत्या घराखेरीज अन्यत्र येण्याची सक्ती पोलिसांना करता येत नाही. त्यांनीच घरी यायचे असते. पडताळणीसाठी पैसे तर कोणतेही सरकारी खाते मागत नाही.

घरात एवढाच नियम ठेवा की सरकारी म्हणवणारा कोणताही फोन आला तर 'मुलाशी बोलून सांगते' म्हणून तो खाली ठेवायचा. समोरचा त्यावर चिडला, तर तो कोण आहे हे कळलेच. मुदतठेव मुदतीपूर्वी मोडण्यास दोघांच्या सह्या लागतील अशी संयुक्त व्यवस्था करता येईल का, हे बँकेत विचारावे. मात्र सासूबाईंची मनापासून संमती असेल तरच.

पैसे गेले नसले तरी सरकारच्या दूरसंचार विभागाच्या संचार साथी संकेतस्थळावर संशयास्पद फोन कळवण्यासाठी असलेल्या 'चक्षू' सुविधेत तो क्रमांक कळवावा. पैसे गेले असते, तर बँकेला आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला त्याच क्षणी फोन करणे आवश्यक होते, कारण रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्यापूर्वीच ती रोखता येते.

आधार कार्डाचे छायाचित्र त्यांनी पाठवले होते का, हे आपल्या पत्रात नाही. पाठवले असल्यास आधारचे बायोमेट्रिक, म्हणजे ठसे व चेहरा यांवरून पटणारी ओळख, कुलूपबंद करून घ्यावे. त्या निवृत्तिवेतन घेत असतील आणि नोव्हेंबरात हयातीचा दाखला चेहरा किंवा बोटांचे ठसे देऊन भरणार असतील, तर त्या वेळी ते कुलूप तात्पुरते उघडायला विसरू नका.