पहिलं रॅक मॉड्यूल घेताय? आधी एवढं बघा

रॅक मॉड्यूल म्हणजे स्वतःचा कीबोर्ड नसलेला, बाहेरच्या कीबोर्डने वाजवायचा आवाजांचा डबा. पहिल्यासाठी रोलँड जेव्ही-१०८० ही निवड उत्तम. १९९४ चं मॉडेल, एका वेळी ६४ व्हॉइस (आवाज), आणि ऑर्केस्ट्राला लागणारे स्ट्रिंग्ज, ब्रास, पियानो सगळे आत आहेत. एक्स्पान्शन बोर्डांचा (जादा आवाजांसाठी आत बसवायच्या कार्डांचा) विचार वर्षभर नको.

पैसे देण्याआधी मागच्या पट्टीवरचे व्होल्ट वाचा. जपानहून आलेला पीस १०० व्होल्टचा असतो, आपल्या घरी २३०. थेट लावलात तर पॉवर सप्लाय जळतो. २३० चे १०० करणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्याच. ११० चा चालवून घेऊ नका.

जोडणी सोपी आहे, तरी बहुतेक जण इथेच अडकतात:

- कीबोर्डचा मिडी आउट मॉड्यूलच्या मिडी इनमध्ये. दोन्हीकडे मिडी चॅनलचा नंबर एकच हवा, नाहीतर काहीच वाजणार नाही.
- मिडीतून आवाज जात नाही, फक्त सूचना जातात. आवाजासाठी लेफ्ट-राइट आउटपुटमधून दोन वायरी मिक्सरच्या लाइन इनपुटला. माइकच्या इनपुटला लावल्या तर आवाज फाटतो.
- कीबोर्डला फक्त यूएसबी असेल तर मध्ये मिडी होस्ट, म्हणजे यूएसबीचं मिडी करून देणारा छोटा डबा, लागेल.

आतली सीआर२०३२ बॅटरी संपली की तुम्ही साठवलेले पॅच (तयार केलेले आवाज) पुसले जातात, फॅक्टरीचे राहतात. म्हणून बदलण्याआधी सिसेक्स डंप, म्हणजे मिडीतून पाठवलेली पॅचची प्रत, कॉम्प्युटरवर घ्या. अगदी स्वस्त यूएसबी-मिडी केबल हा डंप अर्धवट पोचवतात, तिथे काटकसर नको.

आणि सोलापूरचा मे महिना! गरम हवा निघायला रॅकमध्ये मॉड्यूलच्या वर-खाली एकेक खण मोकळा ठेवा.

हे जमलं की आधी फक्त कटऑफ (आवाजाची धार) आणि अटॅक (आवाज किती चटकन उठतो) फिरवून बघा. फार मजा येते.