युवा संसदेत पहिल्यांदाच अध्यक्ष होणाऱ्या भावासाठी

भावा, टेन्शन घेऊ नको. गोंधळ झाला की ओरडायचं नाही, नुसतं उभं राहायचं, लोकसभेच्या नियम ३६१ प्रमाणं अध्यक्ष उभे राहिले की बोलणाऱ्यानं लगेच खाली बसायचं असतंय. मी पहिल्या वेळी कोल्हापूरच्या बिंदू चौकात सभा असल्यागत ओरडलो, घसा बसला आणि पोरं अजूनच पेटली.

नवीन माणूस हमखास फसतो ते इथं:
- हरकतीचा मुद्दा म्हणून कुणीबी भाषण ठोकतं. "नियम कोणता मोडला?" एवढंच विचार, सांगता आलं नाही तर बसव खाली.
- दोस्ताला जादा वेळ. सभागृहाला लगेच कळतंय.
- मतदानात हात वर करणं. राज्यघटनेच्या कलम १०० नुसार अध्यक्षाचं मत फक्त समसमान झाल्यावर.

गोंधळ घालणाऱ्याच्या निलंबनाचं नंतर बघू, आधी घड्याळ समोर ठेव.