‘रॅपर’ला ‘शाहीर’ म्हणावे काय?

पुण्यातील एका महाविद्यालयाच्या वार्षिक अंकासाठी तमिळ कलावंत अरिवू यांच्यावर लेख लिहिणाऱ्या विद्यार्थिनीने एक शंका विचारली आहे. तिने अरिवू यांना ‘विद्रोही शाहीर’ म्हटले होते. संपादकांनी ते खोडून ‘दलित रॅपर’ असे केले. यांपैकी योग्य कोणते?

मला दोन्ही अर्धेच पटतात. ‘रॅपर’ हा शब्द राहावा. त्यामागच्या विशेषणाचा मात्र पुन्हा विचार व्हावा.

आधी ‘शाहीर’ पाहू. मूळ अरबी शब्द ‘शाइर’. फारसीच्या वाटेने तो मराठीत आला आणि दोन स्वरांच्या मध्ये ‘ह’ येऊन ‘शाहीर’ झाला. त्याच्या मुळाशी जाणणे, जाणवणे हा अर्थ आहे, आणि ‘अरिवू’ या तमिळ शब्दाचा अर्थही ज्ञान, जाण असाच होतो, ही मला फार सुंदर वाटलेली गोष्ट. उर्दूत शायर म्हणजे कोणताही कवी. मराठीने अर्थ आवळून घेतला: डफ-तुणतुण्याच्या साथीने, मागे झील धरणारे साथीदार घेऊन, लोकांसमोर उभा राहून गाणारा तो शाहीर. जातिव्यवस्थेविरुद्ध या कलेचा वापर आपल्याकडे नवा नाही. जोतीराव फुले यांनी १८६९ साली शिवाजी महाराजांचा पोवाडा रचला. पुढे सत्यशोधक जलसे झाले आणि भीमराव कर्डक, वामनदादा कर्डक यांच्यासारख्यांनी आंबेडकरी विचार गावोगावी गाऊन पोहोचवला. पुण्यातच २००२ साली जातिविरोधी गाणी गाणारा कबीर कला मंच उभा राहिला. ज्या विद्यार्थिनीच्या कानांवर ही परंपरा पडलेली आहे, तिला रॅपर ऐकताना शाहीर आठवावा, हे स्वाभाविकच आहे.

तरीही भाषांतर म्हणून हा शब्द मला चालत नाही, आणि त्याचे मुख्य कारण वाद्यात आहे. अरिवू ज्या ‘द कास्टलेस कलेक्टिव्ह’ या चेन्नईच्या गटातून पुढे आले, तो गट चित्रपट दिग्दर्शक पा. रंजित आणि संगीतकार तेन्मा यांच्या पुढाकाराने २०१७ साली तयार झाला. त्यात रॅपबरोबर चेन्नईच्या कष्टकरी वस्त्यांतले ‘गाना’ हे लोकगायन आहे आणि ‘परै’ हे चर्मवाद्यही आहे. परै वाजवणाऱ्यांवरून ‘परैयर’ हे जातिनाव पडले आणि त्याच नावावरून इंग्रजीत ‘परायाह’ म्हणजे बहिष्कृत हा शब्द गेला, अशी त्याची रूढ व्युत्पत्ती आहे. ज्या वाद्यामुळे माणसांना अस्पृश्य ठरवले गेले, तेच वाद्य व्यासपीठाच्या मध्यभागी आणणे हा त्या गटाच्या म्हणण्याचा गाभा आहे. ‘शाहीर’ म्हटले की मराठी वाचकाच्या मनात डफ वाजू लागतो आणि परै ऐकू येईनासा होतो. आपल्याकडे हलगीचाही एका विशिष्ट समाजाशी असाच संबंध जोडला गेला आहे, हे ज्याला ठाऊक आहे, त्याला यातली हानी लगेच कळेल.

दुसरे कारण ‘रॅप’ या शब्दाच्या उगमाचे आहे. इंग्रजीत त्याचा जुना अर्थ ठोका, टकटक असा आहे. पुढे कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या बोलीत तो बोलण्यासाठी रुळला आणि १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात हिपहॉप उभे राहिल्यावर तालावर बोलत गाण्याचे नाव झाला. हे ऋण शब्दातूनही दिसले पाहिजे. फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्यांना अर्पण केला. १९७२ साली मुंबईत स्थापन झालेल्या ‘दलित पँथर’ या संघटनेने अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या ‘ब्लॅक पँथर’ या संघटनेवरून नाव घेतले, तेव्हा ‘पँथर’चा ‘बिबळ्या’ केला नाही; तो उसना शब्द तसाच राहिला आणि मराठी झाला. ‘रॅपर’चेही तसेच व्हावे, असे मला मनापासून वाटते.

आता ‘दलित’. संस्कृत ‘दल्’ धातूपासून आलेला, आपल्या ‘दळणे’चा सगोत्र असलेला हा शब्द चळवळीने अभिमानाने धारण केला आहे, त्याला कमीपणा मुळीच नाही. कलावंत स्वतः ‘मी दलित रॅपर’ म्हणत असेल, तर तसेच लिहावे. परंतु संपादकाने आपण होऊन हे विशेषण लावले, की कलेच्या आधी जन्म सांगितला जातो, जो इतर गायकांच्या बाबतीत आपण सांगत नाही. जुन्या मंडळींनी नाव विचारावरून दिले, जातीवरून नाही: सत्यशोधक जलसा, आंबेडकरी जलसा. अरिवू यांच्या गटाच्या नावातले ‘कास्टलेस’ तर थेट तमिळ जातिविरोधी विचारवंत अयोथी दासर (१८४५–१९१४) यांच्या ‘जातिविहीन तमिळ’ या कल्पनेशी जोडलेले आहे. त्या गटातल्या माणसाची ओळख जातीपासून सुरू करणे विसंगत ठरते. म्हणून मी ‘आंबेडकरी रॅपर अरिवू’ असे लिहीन. ‘विद्रोही’ही चूक नाही, पण विद्रोह कशाविरुद्ध, हे त्यातून कळत नाही.

‘शाहीर’ हा शब्द लेखातून पूर्ण काढण्याची गरज नाही. ‘आपल्या शाहिरांप्रमाणे’ अशी तुलना अवश्य करावी. तेथे तो भाषांतर नसून शेजारी उभा केलेला शब्द असतो. व्याकरणाचे विचाराल, तर अनेकवचनी सामान्यरूप ‘रॅपरांनी’, ‘रॅपरांचे’ असे करावे, आणि गाणारी स्त्री असली तरी ‘रॅपर’ हेच रूप ठेवून लिंग क्रियापदातून दाखवावे.