वडिलांची सुपर ८ रिळं (जुन्या घरगुती चित्रीकरणाची ८ मिमी फिल्म) प्रोजेक्टरने भिंतीवर चालवून मोबाईलने शूट केली तर चालेल का?

नका करू, फ्रेम-बाय-फ्रेम, म्हणजे फिल्मवरचं एकेक चित्र सुटं टिपणारं स्कॅनच करून घ्या. सुपर ८ सहसा सेकंदाला १८ फ्रेमने घेतलेली असते, मोबाईल २५-३० ने टिपतो. म्हणून चित्र लुकलुकतं. पण खरी भीती वेगळीच: जुनी फिल्म आकसते आणि प्रोजेक्टरचे दाते तिची भोकं फाडतात. डबा उघडताच व्हिनेगरसारखा आंबूस वास आला, म्हणजे फिल्म खराब होऊ लागली असेल, तर प्रोजेक्टरचं नावच काढू नका. स्कॅनवाल्याला वेग १८ चाच ठेवायला सांगा, नाहीतर बारशाचे पाहुणे पळत सुटल्यासारखे दिसतात. ५० फुटी रीळ त्या वेगाने ३ मिनिटं २० सेकंद चालतं, त्यावरून हिशेब तपासा. फिल्म धडधाकट असेल आणि आत काय आहे एवढंच बघायचं असेल, तर मोबाईल चालेल.